चापड्याचे कूळ शोधताना : आशियाई पिट वायपर सापांच्या वर्गीकरणाचा आणि वंशसंबंधांचा अभ्यास कसा करावा

सह्याद्रीतील हिरव्या चापड्याचे शास्त्रीय नाव काय, हा साधा प्रश्न विचारला, तर हाताशी असलेल्या पुस्तकाच्या सालाप्रमाणे उत्तर बदलते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या सूचीत तो लॅकेसिस ग्रामिनियस आहे, नंतरच्या बहुतेक पुस्तकांत ट्रायमेरेसुरस ग्रामिनियस आहे आणि अलीकडच्या शोधनिबंधांत क्रास्पेडोसेफॅलस ग्रामिनियस आहे. यातील प्रत्येक बदलामागे कोणीतरी जुना नमुना पुन्हा उघडून पाहिलेला असतो, जुने वर्णन पुन्हा वाचलेले असते किंवा नवा जनुकीय पुरावा मांडलेला असतो. तो पुरावा वाचता यावा आणि पुढे आपल्याला त्यात भर घालता यावी, यासाठी पायरीपायरीने काय करावे लागते ते या लेखात मांडले आहे. पुण्यातील जीवशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि साप पकडून सोडण्याच्या पलीकडे अभ्यासाकडे वळू पाहणारे सर्पमित्र हे वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आधी दोन शब्दांचा खुलासा करतो. मराठी शास्त्रीय लेखनात परस्परांत प्रजनन करणाऱ्या गटाला ‘जाती’ आणि अशा जवळच्या जातींच्या समूहाला ‘प्रजाती’ म्हणतात. वर्तमानपत्रांत मात्र ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास जातीच्या अर्थाने येतो. वर्गीकरणाच्या लेखनात हा गोंधळ परवडत नाही, म्हणून येथे मी जुना, काटेकोर अर्थच पाळला आहे. क्रास्पेडोसेफॅलस ही प्रजाती आणि ग्रामिनियस ही तिच्यातील एक जाती.

गट ओळखणे आणि प्रश्न लहान करणे

डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये उष्णता जाणणारा खळगा असलेले साप म्हणजे पिट वायपर. घोणस आणि फुरसे ज्या कुलात मोडतात त्याच व्हायपरिडी कुलाचे हे क्रोटॅलिनी नावाचे उपकुल आहे. खळगा नसलेली, चीन, म्यानमार आणि व्हिएतनामच्या डोंगराळ भागातली अझेमिऑप्स ही प्रजाती त्यांची सर्वांत जवळची नातलग मानली जाते. अमेरिकेतील खुळखुळ्या सापही पिट वायपरच आहेत आणि जनुकीय पुराव्यानुसार अमेरिकेतील सगळे पिट वायपर एकाच पूर्वजापासून आलेले आहेत. म्हणजे या गटाचा इतिहास समजून घ्यायचा तर त्याची मुळे आशियात शोधावी लागतात. आशियात ट्रायमेरेसुरस, क्रास्पेडोसेफॅलस, प्रोटोबोथ्रॉप्स, ओव्होफिस, ग्लॉयडियस, हिप्नेल, कॅलोसेलाझ्मा, डायनागकिस्ट्रोडॉन, ट्रोपिडोलेमस आणि बोर्निओतील गार्थियस या प्रजाती आढळतात. हिरव्या आणि तपकिरी, झाडावर राहणाऱ्या ट्रायमेरेसुरस व तिच्यालगतच्या गटातच पन्नासहून अधिक जाती आहेत.

इतका मोठा पसारा एका प्रबंधात आवरता येत नाही. ‘आशियाई पिट वायपरांची उत्क्रांती’ हे शीर्षक घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मी नेहमी विचारतो, की यातला कोणता एक प्रश्न तू दोन वर्षांत, पुण्याहून जाऊन-येऊन, मिळू शकणाऱ्या नमुन्यांवर सोडवू शकशील? ताम्हिणी-महाबळेश्वर परिसरातील चापडा आणि पूर्व घाटातील चापडा ही एकच जाती आहे का, हा असा प्रश्न आहे. आंबोलीतील मलबार पिट वायपरचे हिरवे, पिवळे आणि तपकिरी रंग वेगवेगळ्या वंशांचे आहेत की एकाच लोकसंख्येतील विविधता आहे, हा दुसरा. प्रश्न असा ठरला की कोणते नमुने हवेत, तुलनेसाठी कोणत्या जाती घ्याव्यात आणि कोणते जुने लेखन वाचावे, हे आपोआप ठरू लागते.

या कामाचा उपयोग काय, हेही सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर आधारलेले आहे. पिट वायपरच्या विषावर ते भरवशाचे नाही. हिप्नेलच्या दंशावर तर ते निष्प्रभ ठरल्याचे नोंदले गेले आहे. कोणत्या भागात नेमकी कोणती जाती आहे आणि ती कोणाच्या जवळची आहे, हे ठाऊक नसेल तर विषाची तुलना कोणाशी करायची हेच ठरत नाही.

मूळ वर्णनापासून वाचन

पहिले तीन-चार महिने जंगलात न जाता वाचनात घालवावेत, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक जातीसाठी एक स्वतंत्र पान करावे आणि त्यावर मूळ वर्णन कोणी, कोणत्या साली, कोणत्या ठिकाणच्या कोणत्या नमुन्यावरून केले, तो नमुना आज कोणत्या संग्रहालयात आहे आणि त्या जातीला नंतर कोणकोणती नावे पडली, हे लिहावे. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात पाहता येतात. आजची स्वीकृत नावे आणि समानार्थी नावांची यादी रेप्टाइल डेटाबेसवर मिळते. मात्र तिथली यादी ही वाचनाची सुरुवात समजावी, कारण अंतिम आधार मूळ निबंधच असतो.

ग्रामिनियसचेच उदाहरण घेऊ. हे नाव शॉ यांनी १८०२ मध्ये दिले आणि त्याचा आधार होता पॅट्रिक रसेल यांनी विशाखापट्टणम येथून वर्णिलेला ‘बोद्रू पाम’. म्हणजे या नावाचा खरा धनी पूर्व किनाऱ्यावरचा साप आहे. पुढे बूलेंजर यांनी १८९६ च्या सूचीत भारतापासून चीनपर्यंतच्या अनेक हिरव्या पिट वायपरांना याच एका नावाखाली आणले. क्लिफर्ड आणि सारा पोप या दांपत्याने १९३३ मध्ये ही मोळी सोडवून त्यात अनेक जाती असल्याचे दाखवले आणि भारतीय द्वीपकल्पातील सापाला ऑक्सिडेंटॅलिस हे नवे नाव दिले. पुढे १९३७ मध्ये स्मिथ यांनी याच दांपत्याच्या सन्मानार्थ पोपिओरम ही जाती वर्णिली. नावातले अनेकवचन दोघांसाठी आहे. पुण्याच्या आसपासच्या चापड्यावर काम करणाऱ्याने विशाखापट्टणमच्या बाजूचा नमुना तुलनेत घेतला नाही, तर ग्रामिनियस या नावाबद्दल त्याला काहीही ठामपणे म्हणता येणार नाही, ही गोष्ट केवळ हा इतिहास वाचल्याने कळते.

दुसरे उदाहरण प्रजातींच्या नावांचे आहे आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याने बारकाईने वाचावे. वेल्समधील बँगर विद्यापीठाच्या अनिता मल्होत्रा आणि रॉजर थॉर्प यांनी २००४ मध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या चार जनुकीय भागांवरून दाखवले, की ट्रायमेरेसुरस हा वेगवेगळ्या शाखांचा समूह आहे. त्यांनी तो क्रिप्टेलिट्रॉप्स, व्हिरिडोव्हायपेरा, पोपिया, पॅरिअस, पेल्टोपेलोर, हिमालयोफिस अशा प्रजातींत विभागला आणि ग्रामिनियस-मलबारिकस यांच्या गटासाठी ट्रायमेरेसुरस हे नाव राखले. सात वर्षांनी, २०११ मध्ये, डेव्हिड, फोगेल आणि दुबॉय यांनी प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाच्या संहितेच्या आधारे दाखवले, की लासेपेड यांनी १८०४ मध्ये ट्रायमेरेसुरस हे नाव दिले तेव्हा त्याचा प्ररूप (ज्याच्याशी ते नाव कायमचे बांधलेले असते तो आधार) ठरणारा साप मुळात दुसऱ्याच शाखेतला, आज इन्सुलॅरिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटांवरील सापांपैकी होता. त्यामुळे क्रिप्टेलिट्रॉप्स हे नाव ट्रायमेरेसुरसचे समानार्थी ठरले आणि आपल्या सह्याद्रीतील गटाला १८२२ सालचे क्रास्पेडोसेफॅलस हे नाव मिळाले. यात सापांच्या नात्याबद्दलचा निष्कर्ष बदललेला नाही, फक्त नावाचा हक्क बदलला आहे. नाते आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळे असतात. काही तज्ज्ञ आजही विस्तृत अर्थाने ट्रायमेरेसुरस हेच नाव वापरून इतर नावांना उपप्रजाती मानतात, म्हणून आपल्या लेखनात कोणती पद्धत पाळली आहे ते पहिल्याच पानावर लिहावे.

परवानग्या

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार सापाला पकडणे हेही शिकारीत मोडते. संशोधनासाठी कलम १२ खाली राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते; महाराष्ट्र वनविभागाचे मुख्यालय नागपूरला आहे आणि अर्ज आपल्या संस्थेमार्फत, कामाचा आराखडा, ठिकाणे, जातींची नावे आणि नमुन्यांची संख्या देऊन करावा लागतो. रस्त्यावर गाडीखाली मेलेला साप उचलणेही परवानगीशिवाय योग्य नाही, कारण मृत वन्यप्राणी कायद्याने सरकारी मालमत्ता ठरतो. सर्पमित्रांकडून मेलेले साप घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. परदेशातील प्रयोगशाळेत ऊती पाठवायच्या असतील तर जैवविविधता अधिनियम, २००२ लागू होतो आणि चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी पत्रव्यवहार करावा लागतो. या सगळ्याला एक पूर्ण हंगाम लागू शकतो, म्हणून वाचन सुरू होताच अर्जही सुरू करावेत.

पुण्यात राहणाऱ्याला काही गोष्टी सोयीच्या आहेत. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे, मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा जुना संग्रह आहे आणि रेणवीय कामाची सोय असलेल्या अनेक संस्था शहरातच आहेत. पुण्यात बसून हिमालयातील सापांवरही काम होते. अशोक कॅप्टन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अरुणाचल प्रदेशातील ट्रायमेरेसुरस अरुणाचलेन्सिस ही जाती एकाच नर नमुन्यावरून वर्णिली, त्या निबंधात पुण्याच्या आयसरमधील संशोधकांचा सहभाग होता आणि जनुकीय तुलनेत ती तिबेटॅनस या जातीच्या जवळ निघाली.

साप, ऊती आणि नोंद

चापडा दिवसा संथ वाटतो, पण त्याची झेप जलद असते. एकट्याने कधीही हाताळू नये. हुक आणि पारदर्शक प्लास्टिकची नळी वापरावी, नळीत सापाचा पुढचा भाग गेल्यावरच मोजमाप घ्यावे आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता आधी ठरवून ठेवावा. दंश झाल्यास चिरणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे हे काहीही न करता, हालचाल कमीत कमी ठेवून रुग्णालय गाठावे.

वंशवृक्षासाठी साप मारण्याची गरज बहुतेक वेळा नसते. पोटावरच्या एका खवल्याची कड, शेपटीचे अगदी लहान टोक, तोंडातील स्वॅब किंवा टाकलेली कात यांतून डीएनए मिळतो. ऊती थेट ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवावी, एका दिवसानंतर इथेनॉल बदलावे आणि शक्य तितक्या लवकर उणे २० अंश सेल्सिअसवर न्यावी. संपूर्ण नमुना जतन करण्याची परवानगी असेल, तर ऊती आधी काढावी आणि मगच १० टक्के फॉर्मलिन वापरावे, कारण फॉर्मलिन डीएनएची मोडतोड करते. नमुना नंतर ७० टक्के इथेनॉलमध्ये कायम ठेवावा. अभ्यासाच्या सुरुवातीला मला एका संग्रहातून पाच ऊती मिळाल्या होत्या आणि त्या फॉर्मलिनमधून काढलेल्या आहेत हे चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते. त्यांच्यावर गेलेले सहा महिने मला अजून बोचतात. तेव्हापासून ऊती कशी जतन केली ही नोंद मी ठिकाणाच्या नोंदीइतकीच आवश्यक मानतो.

रंगाची छायाचित्रे साप जिवंत असतानाच घ्यावीत. हिरव्या सापातील पिवळे रंगद्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळते आणि संग्रहातला नमुना निळसर दिसू लागतो, त्यामुळे जुन्या बाटलीतील सापाचा ‘निळा’ रंग हे जातीचे लक्षण समजण्याची चूक होऊ शकते. डोक्याची वरची, खालची आणि दोन्ही बाजू, शरीराचा मध्यभाग, पोट आणि शेपटीचा खालचा भाग असे ठरावीक फोटो प्रत्येक सापाचे असावेत. ठिकाण लिहिताना ‘मुळशी’ किंवा ‘आंबोली’ एवढे पुरेसे नाही; अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाड की जमीन, तारीख आणि वेळ हवी. नमुना, त्याचे ठिकाण आणि त्याचे नाव यांच्यातला धागा एकदा तुटला की पुढची सगळी गणिते कितीही अचूक केली तरी ती कशाबद्दल आहेत ते सांगता येत नाही.

खवले मोजणे

डीएनएच्या काळातही खवल्यांची मोजणी टाळता येत नाही, कारण जुने प्ररूप नमुने आणि आपले नमुने यांना जोडणारा पूल बहुतेक वेळा तोच असतो. लंडनच्या संग्रहालयातील दीडशे वर्षांपूर्वीच्या सापाचा डीएनए मिळेलच असे नाही, पण त्याचे खवले मोजता येतात.

पोटाचे रुंद खवले डाउलिंग यांनी १९५१ मध्ये सुचवलेल्या पद्धतीने मोजावेत : ज्या खवल्याला दोन्ही बाजूंनी पाठीच्या खवल्यांची पहिली ओळ टेकते तो पहिला आणि गुदद्वारावरील खवल्याच्या आधी थांबायचे. पाठीच्या खवल्यांच्या ओळी तीन ठिकाणी मोजाव्यात : डोक्यामागे एक डोके-लांबी अंतरावर, शरीराच्या मध्यावर आणि गुदद्वाराच्या एक डोके-लांबी अलीकडे. मध्यावरील संख्या ग्रामिनियसमध्ये साधारणपणे २१ असते, हिप्नेल हिप्नेलमध्ये १७ असते आणि दक्षिणेतील मोठ्या खवल्यांच्या मॅक्रोलेपिसमध्ये १५ किंवा त्याहूनही कमी असते. वरच्या ओठावरील पहिला खवला नाकपुडीच्या खवल्याशी जोडलेला आहे की वेगळा, हे नक्की पाहावे, कारण हिरव्या सापांत ते फार उपयोगी पडते : अल्बोलॅब्रिसच्या गटात तो पूर्णपणे किंवा अंशतः जोडलेला असतो, पोपिओरममध्ये वेगळा असतो. नरांमध्ये हेमिपेनिसची (नराच्या जननेंद्रियाची) लांबी आणि त्यावर काटे आहेत की नाहीत हे पाहणे तितकेच मोलाचे आहे. एकसारख्या दिसणाऱ्या हिरव्या सापांच्या शाखा प्रथम वेगळ्या करण्यात या लक्षणाचा मोठा वाटा होता. प्रत्येक मोजणी दोनदा, वेगवेगळ्या दिवशी करावी आणि नर-मादी वेगळे मांडावेत, कारण शेपटीखालच्या खवल्यांची संख्या लिंगानुसार बदलते.

मात्र सारखेपणा म्हणजे नाते नव्हे. डोक्यावर मोठ्या, समोरासमोर बसवलेल्या ढालींसारखे खवले असणारे हिप्नेल, कॅलोसेलाझ्मा, डायनागकिस्ट्रोडॉन आणि ग्लॉयडियस हे सगळे पूर्वी अमेरिकेतील अ‍ॅगकिस्ट्रोडॉन या एकाच प्रजातीत घातलेले होते. परंतु अशा ढाली ही पूर्वजांकडून आलेली जुनी स्थिती आहे आणि जुनी स्थिती कोणी टिकवली यावरून दोन गट भावंडे ठरत नाहीत. उलट दिशेचे उदाहरणही आहे : ओकिनावा बेटावरील ओव्होफिस ओकिनावेन्सिस आणि तैवानच्या डोंगरांतील ट्रायमेरेसुरस ग्रॅसिलिस यांना बाह्य रूपावरून दोन वेगळ्या प्रजातींत ठेवले होते, पण जनुकीय पुराव्यात हे दोघे एकमेकांचे नातलग निघाले आणि त्यांची शाखा ज्या प्रजातींची नावे त्यांना दिलेली होती त्यांच्यापासून दूर, ग्लॉयडियसच्या बाजूला पडली.

जनुकीय क्रम

प्रयोगशाळेतील काम ठरावीक आहे आणि ते चांगल्या प्रयोगशाळेत दोन-तीन आठवड्यांत शिकता येते, म्हणून त्यावर मी फार लिहीत नाही. मायटोकॉन्ड्रियाचे सायटोक्रोम बी, एनडी४, १२एस आणि १६एस हे भाग घ्यावेत, कारण जुन्या अभ्यासांत तेच वापरले गेले आहेत आणि तुलना त्यांच्याशीच करायची आहे. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. त्यावरून काढलेला वृक्ष हा मातृवंशाचा वृक्ष असतो. म्हणून केंद्रकातील निदान दोन-तीन जनुके सोबत घ्यावीत आणि निधी असेल तर संपूर्ण जनुकसंचातील हजारो स्थाने वाचणाऱ्या पद्धतीकडे जावे.

जेनबँक या सार्वजनिक भांडारातून इतरांनी ठेवलेले क्रम (डीएनएतील अक्षरांची वाचलेली मांडणी) उतरवून घेताना फार सावध राहावे. तेथील नाव हे क्रम जमा करणाऱ्याने त्या दिवशी लिहिलेले असते आणि पुढे वर्गीकरण बदलले तरी ते आपोआप दुरुस्त होईलच असे नाही. मी केलेल्या पहिल्या वृक्षात अल्बोलॅब्रिस असे नाव असलेले क्रम दोन दूरच्या फांद्यांवर बसले आणि मी काही आठवडे त्याला मोठा शोध समजत होतो. प्रत्यक्षात त्यातील एक गठ्ठा नेपाळकडचा होता. क्रेमर यांनी १९७७ मध्ये अल्बोलॅब्रिसची उपजाती म्हणून वर्णिलेला आणि २००१ पासून स्वतंत्र जाती मानला गेलेला सेप्टेंट्रिओनॅलिस तो हाच. म्हणून उतरवलेल्या प्रत्येक क्रमासाठी एक तक्ता करावा : भांडारातील क्रमांक, तिथले नाव, नमुन्याचा संग्रहालयातील क्रमांक, ठिकाण, ज्या निबंधात तो वापरला तो निबंध आणि आज लागू असलेले नाव. ज्या क्रमाचे ठिकाण किंवा नमुना कळत नाही तो क्रम नावाबद्दलच्या निष्कर्षासाठी वापरू नये.

क्रम मॅफ्ट किंवा मसल यांसारख्या प्रणालीने एकाखाली एक मांडावेत आणि नंतर डोळ्यांनी तपासावेत. सायटोक्रोम बी आणि एनडी४ हे प्रथिन बनवणारे भाग आहेत. त्यांचे अमिनो आम्लांत भाषांतर करून मध्येच थांबा-संकेत येतो का ते पाहावे. हे करताना पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा संकेततक्ता निवडावा, कारण सामान्य तक्त्यात टीजीए हा थांबा आहे, मायटोकॉन्ड्रियात तो ट्रिप्टोफॅन आहे. योग्य तक्ता लावूनही थांबा आला, तर क्रमवाचनात चूक आहे किंवा केंद्रकात जाऊन बसलेली त्या जनुकाची निकामी प्रत वाचली गेली आहे, असे समजून मूळ आलेख पुन्हा पाहावा.

वृक्ष उभा करणे आणि वाचणे

तुलनेसाठी बाहेरच्या जाती विचारपूर्वक निवडाव्यात. प्रश्न क्रास्पेडोसेफॅलसचा असेल तर ट्रायमेरेसुरसच्या निरनिराळ्या शाखा, प्रोटोबोथ्रॉप्स, हिप्नेल, तिची जवळची नातलग कॅलोसेलाझ्मा आणि ट्रोपिडोलेमस घ्यावेत, त्याबाहेर अझेमिऑप्स आणि सर्वांत बाहेर घोणस किंवा फुरसे. क्रास्पेडोसेफॅलसचा प्ररूप असलेली प्युनिसियस ही आग्नेय आशियातील जाती वगळली, तर आपल्या गटाला ते नाव लागू होते की नाही हे वृक्षावर दिसणारच नाही.

जनुक आणि संकेतातील स्थान यांप्रमाणे विभाग पाडून प्रत्येक विभागाला योग्य असे, क्रम कसे बदलत जातात ते सांगणारे गणिती प्रतिमान निवडावे. आयक्यू-ट्री ही मोफत प्रणाली हे काम आणि महत्तम संभाव्यतेचा वृक्ष दोन्ही करते. दुसरा वृक्ष मिस्टरबेज किंवा बीस्ट यांतून बेझीय पद्धतीने काढावा आणि ट्रेसर या प्रणालीत प्रत्येक घटकाचे प्रभावी नमुनासंख्यामूल्य (ईएसएस) २०० च्या वर आहे याची खात्री करावी. फांदीवरचे आकडे वाचताना ते कोणत्या पद्धतीचे आहेत हे विसरू नये : साध्या बूटस्ट्रॅपमध्ये (क्रमांतील स्थाने पुन्हा पुन्हा निवडून तीच फांदी किती टक्के वेळा येते ते पाहण्याच्या पद्धतीत) ७० हा आधार बऱ्यापैकी मानतात, अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅपमध्ये ९५ च्या खाली भरवसा ठेवत नाहीत आणि बेझीय संभाव्यता ०.९५ किंवा अधिक असावी. दुबळ्या आधाराची गाठ (फांद्या फुटण्याची जागा) असेल तर तिच्यावर गोष्ट रचू नये. आशियाई पिट वायपरांच्या वृक्षात प्रजातींमधल्या खोलवरच्या काही गाठी अनेक अभ्यासांत डळमळीत राहिल्या आहेत, म्हणून तिथे ‘अनिर्णित’ असे लिहिणे हा प्रामाणिक निष्कर्ष आहे. मायटोकॉन्ड्रिया आणि केंद्रक यांचे वृक्ष आधी वेगवेगळे काढून त्यांच्यात विरोध कोठे आहे ते पाहावे. सगळे क्रम एकत्र जोडून पहिल्याच दिवशी एक वृक्ष काढला, की हा विरोध लपून जातो.

काळ मोजण्याचा मोह फार होतो. जीवाश्मांच्या थेट आधाराशिवाय, दुसऱ्या निबंधातले अंदाजच आधार म्हणून घेऊन काढलेल्या तारखांची अनिश्चितता प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते, त्यामुळे सुरुवातीच्या अभ्यासात काळमापन टाळले तरी बिघडत नाही.

जातीची सीमा

एएसएपी, बीपीटीपी, जीएमवायसी अशा पद्धती क्रमांवरून संभाव्य जातींची संख्या सुचवतात. त्या सूचनाच आहेत. सह्याद्रीत पालघाटासारख्या खिंडींनी आणि नदीखोऱ्यांनी लोकसंख्या तुटलेल्या आहेत, त्यामुळे केवळ मायटोकॉन्ड्रियावरून पाहिले तर प्रत्येक डोंगररांगेत वेगळी जाती दिसू लागते. माझ्या मते जनुकांतील फरकासोबत खवले, हेमिपेनिस, वसतिस्थान किंवा भूगोल यांपैकी निदान एखादा स्वतंत्र पुरावा जोडीला हवा. भारतीय द्वीपकल्पातील क्रास्पेडोसेफॅलसवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास असाच अनेक निकषांवर उभा आहे आणि त्यात गुंथर यांनी १८६४ मध्ये दिलेले, पुढे मलबारिकसमध्ये विलीन झालेले अ‍ॅनामलेन्सिस हे नाव पुन्हा स्वतंत्र जाती म्हणून वापरात आले. आपला गट वेगळा ठरला तरी लगेच नवे नाव देऊ नये. समानार्थी म्हणून बाजूला पडलेले एखादे जुने नाव त्याला आधीच लागू होते का, हे पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या पानांवरून तपासावे.

जुने नाव उपलब्ध नसेल तरच नव्या जातीचे वर्णन करावे. होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार ठरणारा मुख्य नमुना, एकच असतो. त्याचे ठिकाण, संग्रहालयातील क्रमांक, निदानलक्षणे आणि जवळच्या प्रत्येक जातीपासूनचा फरक मूळ वर्णनात असावा. निबंध फक्त ऑनलाइन प्रसिद्ध होणार असेल तर २०१२ पासूनच्या नियमानुसार झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी करून तो उल्लेख निबंधात छापावा लागतो, नाहीतर नाव वैध मानले जात नाही. प्ररूप नमुना खाजगी कपाटात न ठेवता राष्ट्रीय संग्रहात जमा करावा. जेनबँकमध्ये क्रम देताना नमुना क्रमांक आणि ठिकाण भरावे. खवल्यांच्या मोजणीचा कच्चा तक्ता निबंधासोबत पूर्ण द्यावा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तीच बाटली पुन्हा उघडताना आपला आकडा शेजारी ठेवता येईल. ज्या वनपरिक्षेत्रात काम केले तेथील कार्यालयाला आणि ज्या सर्पमित्राने पहिला साप दाखवला त्याला निबंधाची प्रत व सोबत एक-दोन पानांचा मराठी सारांश, कोणत्या सापाला आता कोणते नाव लागू होते ते स्पष्ट लिहून, द्यावा.